इंकस्केप: फिल आणि स्ट्रोकचे ग्रेडियंट सुधारताना होणारे घोळ

रेघोटी

इंकस्केप १.३ (रेषाचित्रं काढण्याचं सॉफ्टवेअर) मध्ये आयकॉनांचा एक संच चालू आहे. बहुतेक आकारांना फिलमध्येही (आतल्या भरणीत) ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात सरकत जाणारी छटा, आहे आणि स्ट्रोकमध्येही (कडेच्या रेघेत). साधा ग्रेडियंट लावता येतो, पण नंतर तो सुधारायला गेलं की गाडी अडते. अडचणी अशा:

१. एका आयकॉनचा स्टॉप (ग्रेडियंटमधला ठरावीक रंगाचा थांबा) बदलला की दुसऱ्या दोन-तीन आयकॉनांचा रंगही बदलतो. सगळ्यांचा नाही, काहींचाच. नेमके कोणाचे बदलणार याचा अंदाज येत नाही.

२. आकार सरकवला की आकार जातो, रंग मात्र पानावर होता तिथेच राहतो. खिडकी सरकवावी आणि मागचा देखावा जागेवर असावा तसं.

३. निळ्याकडून पिवळ्याकडे जाताना मधे मळकट राखाडी पट्टा येतो.

४. प्रोग्रेस दाखवणारी गोल कडी आहे, नुसता स्ट्रोक, फिल नाही. रंग कडीच्या वाटेने फिरत जायला हवा. ग्रेडियंट लावला की तो डावीकडून उजवीकडे सरळ जातो.

५. एक आडवी रेघ हाताने एसव्हीजीत (चित्र मजकुराच्या रूपात साठवणारा फाइलप्रकार) लिहिली आणि तिच्या स्ट्रोकला ग्रेडियंट दिला. ब्राउझरमध्ये रेघच उमटत नाही. तीच रेघ जरा तिरपी केली की दिसते! हे काय गौडबंगाल आहे?

शेवटी सगळं एसव्हीजी म्हणून वेबपानावर जाणार आहे, त्यामुळे तिथेही टिकेल असा उपाय हवा.

---

पिक्सेलपंत

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे, म्हणून आधी तेवढं पाहू.

इंकस्केप ज्याला एक ग्रेडियंट म्हणून दाखवतं त्याच्या फाइलीत दोन नोंदी असतात. पहिलीत फक्त रंगांची यादी: कुठला स्टॉप, किती ऑफसेटवर (रेघेवर किती अंतरावर), किती पारदर्शक. दुसरीत फक्त भूमिती: रेघ कुठून सुरू, कुठे संपते, वर्तुळ असेल तर केंद्र आणि त्रिज्या. दुसरी नोंद पहिलीकडे बोट दाखवते आणि आकार दुसरीकडे. कंट्रोल+शिफ्ट+एक्स दाबून एक्सएमएल एडिटर उघडा आणि ‘डेफ्स’ (फाइलीतला व्याख्यांचा भाग) खाली बघा, जोड्या दिसतील. एका आकाराच्या फिलला एक जोडी, स्ट्रोकला वेगळी. म्हणजे ‘ग्रेडियंट बदलला’ हे वाक्य अपुरं आहे. रंग बदलले की जागा बदलली, आणि फिलची की स्ट्रोकची, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचे.

आता क्रमांक १. रंगांची यादी दोन आकारांत सामाईक असेल तर एकाचा बदल दुसऱ्यात जाणारच. ती सामाईक राहण्याची तीन कारणं बघा.

प्रेफरन्सेसमध्ये ‘टूल्स’, त्यात ‘ग्रेडियंट’, तिथे ‘प्रिव्हेंट शेअरिंग ऑफ ग्रेडियंट डेफिनिशन्स’ अशी खूण असते. ती असेल तर एखादा आकार सुधारायला घेतला की इंकस्केप त्याच्यापुरती यादीची वेगळी प्रत करतं. कोणी ती काढलेली असेल तर प्रत होत नाही. खूण आधी तपासा.

दुसरं, आकार क्लोन असेल. आल्ट+डी ने केलेली प्रत ही प्रत नसून आरसा असते. निवडल्यावर खालच्या पट्टीत ‘क्लोन ऑफ’ असं लिहिलेलं येतं. शिफ्ट+आल्ट+डी ने नातं तोडा, मग स्वतंत्रपणे सुधारा.

तिसरं आणि सगळ्यात फसवं म्हणजे स्वॉच. फिल अँड स्ट्रोकच्या खिडकीत रंगप्रकारांच्या बटणांच्या रांगेत ‘स्वॉच’ हेही एक असतं. ते दाबलेलं असेल तर तो रंग संपूर्ण दस्तऐवजाचा सामाईक आहे आणि एका जागी बदलल्यावर सगळीकडे बदलणं हेच त्याचं काम आहे. वरची खूण असली तरी स्वॉच सामाईकच राहतो. ‘काहींचाच बदलतो’ या वर्णनावरून माझा संशय यावरच आहे. एखादा आकार त्यातून बाहेर काढायचा असेल तर त्याला आधी साधा सपाट रंग द्या आणि मग ग्रेडियंट नव्याने ओढा.

क्रमांक २ सोपा आहे. निवडीचं टूल, म्हणजे काळा बाण, हातात असताना वरच्या पट्टीत उजव्या टोकाला चार छोटी टॉगल बटणं असतात: स्ट्रोकची जाडी, गोल कोपरे, ग्रेडियंट आणि पॅटर्न. आकाराबरोबर यातलं काय काय बदलावं ते ही बटणं ठरवतात. तिसरं बटण बंद असलं की भूमितीची नोंद हलत नाही. तेव्हा आकार सरकतो, रंग राहतो. ते दाबून ठेवा. जे आकार आधीच सरकलेत ते आपोआप दुरुस्त होत नाहीत. त्यांची हँडल (ग्रेडियंट ओढायच्या खुणा) पानावर जुन्याच जागी पडून असतात. जी दाबून ग्रेडियंट टूल घ्या, आकार निवडा आणि फिलचं की स्ट्रोकचं ते बटण वरच्या पट्टीत बघून नव्याने ओढा. रंगांची यादी तशीच राहते, फक्त रेघ नवी बसते. (मुद्दाम बंद ठेवायचं बटण म्हणूनही त्याचा उपयोग आहे. एकच मोठी रंगछटा ठेवून तिच्यावरून आकार फिरवत नेमका भाग शोधता येतो.)

सुधारण्याच्या रोजच्या क्रिया, सगळ्या जी टूलमध्ये:

– रेघीय ग्रेडियंटला सुरुवातीचं हँडल चौकोनी, शेवटचं गोल, मधले स्टॉप चौकटच्या पत्त्यासारखे. वर्तुळाकाराला केंद्रावर चौकोन आणि दोन त्रिज्यांच्या टोकांना गोल. केंद्र शिफ्ट धरून ओढलं की त्यातून फोकस (रंग जिथून पसरतो तो बिंदू) सुटा होतो, तो फुलीसारखा दिसतो. चेंडूवर चमक हवी तर केंद्र हलवू नका, फोकस हलवा.

– नवा स्टॉप: रेघेवर डबलक्लिक. काढायचा असेल तर निवडून डिलीट. कंट्रोल+आल्ट+क्लिकने दोन्ही होतं, रिकाम्या रेघेवर केलं तर स्टॉप येतो, स्टॉपवर केलं तर जातो.

– दोन लगतचे स्टॉप शिफ्टने निवडून इन्सर्ट दाबा, बरोब्बर मधोमध नवा येतो आणि त्याचा रंग त्या जागी आधी जो दिसत होता तोच असतो. चित्र बदलत नाही, फक्त पकडायला जागा मिळते.

– रंग बदलायला हँडल निवडा आणि खालच्या रंगपट्टीवर क्लिक करा. इथेच बहुतेकांची चूक होते. हँडल निवडलेलं नसताना पट्टीवर क्लिक केलं तर अख्खा आकार सपाट रंगाचा होतो आणि ग्रेडियंट जातो. कंट्रोल+झेड.

– कंट्रोल धरून हँडल ओढलं की रेघ १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरते. शिफ्ट+आर ने दिशा उलटते.

– मधल्या स्टॉपचा ऑफसेट वरच्या पट्टीत आकड्याने लिहिता येतो, ० ते १. डोळ्याच्या अंदाजाने ओढण्यापेक्षा संचभर एकसारखा आकडा लिहिलेला बरा.

१.२ पासून फिल अँड स्ट्रोकच्या खिडकीतच स्टॉपांची यादीही मिळते. कंट्रोल+शिफ्ट+एफ दाबा. पण तिथे ‘फिल’ आणि ‘स्ट्रोक पेंट’ हे वेगळे टॅब आहेत, कुठल्या टॅबवर आहात ते पाहूनच हात लावा.

आणखी एक. फिल आणि स्ट्रोक दोघांच्या ग्रेडियंटची टोकं एकाच बिंदूवर असतील तर हँडल एकमेकांत मिसळतात आणि एक ओढलं की दोन्ही हलतात. तेव्हा हँडल ओढण्याच्या भानगडीत पडू नका. वरच्या पट्टीतलं स्ट्रोकचं बटण दाबून आकारावर वेगळ्या कोनात नवी रेघ ओढा. स्ट्रोकची भूमिती तेवढी बदलेल.

---

नोडवाला

पंतांनी पहिले दोन सोडवले, मी ४ आणि ५ घेतो. आधी ५, कारण ते गौडबंगाल नाही, नियमच तसा आहे.

एसव्हीजीत ‘ग्रेडियंटयुनिट्स’ काही लिहिलं नाही तर ‘ऑब्जेक्टबाउंडिंगबॉक्स’ धरलं जातं. म्हणजे ० ते १ हे आकडे आकाराच्या चौकटीच्या प्रमाणात मोजले जातात. आणि ही चौकट मोजताना स्ट्रोकची जाडी धरत नाहीत, फक्त भूमिती धरतात. बिंदू (०, ५०) ते (२००, ५०) अशी रेघ, स्ट्रोक ६. डोळ्याला ती ६ उंच दिसायला हवी, पण चौकट २०० रुंद आणि ० उंच. शून्याच्या प्रमाणात काही मोजता येत नाही, म्हणून मानकानुसार असा ग्रेडियंट लावलाच जात नाही. तिरपी केली की उंचीला काहीतरी आकडा येतो आणि रेघ उगवते. अगदी उभ्या रेघेलाही हेच होतं, तिथे रुंदी शून्य.

उपाय: ग्रेडियंटयुनिट्सला ‘युजरस्पेसऑनयूज’ द्या आणि टोकं प्रत्यक्ष निर्देशांकांत लिहा, वरच्या उदाहरणात पहिलं टोक (०, ५०), दुसरं (२००, ५०). इंकस्केप स्वतः नेहमी असंच लिहितं, म्हणून तिथे ओढलेल्या रेघा गायब होत नाहीत. दुसरा जुगाड म्हणजे शेवटचा वाय ५०ऐवजी ५०.००१ करणं. चालतो, पण फाइल लहान करणारं एखादं साधन दशांश कापून पुन्हा ५० करून ठेवेल, तेव्हा भरवशाचा नाही. तिसरा म्हणजे रेघेऐवजी ६ उंचीचा आयतच काढा आणि ग्रेडियंट फिलमध्ये द्या.

त्याच चौकटीच्या हिशेबाचा आणखी एक परिणाम, हाताने लिहिता म्हणून सांगतो. (०, ०) ते (१, १) असा ‘४५ अंशांचा’ ग्रेडियंट ४०० बाय १०० च्या आयताला लावला तर रंगांचे पट्टे ४५ अंशांवर पडत नाहीत, आयताच्या दुसऱ्या कर्णाला समांतर पडतात. सगळंच ताणलं जातं ना. कोन खरा हवा असेल तर इथेही युजरस्पेसऑनयूज.

आता कडी. एसव्हीजीत स्ट्रोकचा ग्रेडियंट रेघेच्या वाटेने जातच नाही. रंग पानावर पसरलेला असतो आणि स्ट्रोक म्हणजे त्यातून कापलेली पट्टी. केंद्राभोवती फिरणारा शंकूसारखा ग्रेडियंटही एसव्हीजीत नाही. ‘स्ट्रोक टू पाथ’ (स्ट्रोकचा स्वतंत्र आकार करणं) केल्याने यात काही फरक पडत नाही, जाडी फक्त फिल होते, रंग सरळच्या सरळ. हे वारंवार सुचवलेलं दिसतं, म्हणून स्पष्ट लिहितो.

मग कडीचे तुकडे करायचे. दोन अर्धवर्तुळं करून प्रत्येकाला उभा ग्रेडियंट देतात, पण त्यात रंग वर आणि खाली हळू सरकतो, बाजूंना झरकन. चार तुकडे केले की हा फरक पुष्कळ कमी होतो. आठ केले तर जवळजवळ नाहीसा होतो. आयकॉनच्या आकाराला चार पुरतात.

केंद्र (१००, १००), त्रिज्या ५० धरू. वर्तुळाच्या टूलने वर्तुळ काढा, वरच्या पट्टीत स्टार्ट आणि एंडचे कोन द्या: २७०–३६०, ०–९०, ९०–१८०, १८०–२७०. प्रकार ‘आर्क’ निवडा, ‘स्लाइस’ नको, नाहीतर केंद्राकडे जाणाऱ्या रेघाही स्ट्रोकमध्ये येतील. फिल काढून टाका. प्रत्येक तुकड्याला स्ट्रोकवर रेघीय ग्रेडियंट द्या आणि त्याची टोकं चापाच्या दोन टोकांवर ठेवा. म्हणजे वरून उजवीकडे येणाऱ्या तुकड्याला (१००, ५०) ते (१५०, १००), पुढच्याला (१५०, १००) ते (१००, १५०), मग (१००, १५०) ते (५०, १००), शेवटी (५०, १००) ते (१००, ५०). स्नॅपिंग चालू ठेवलं तर हँडल नेमकं बसतं.

रंगांचे चार समान टप्पे पाडा. लाल घटक २० वरून २२० ला न्यायचा असेल तर सांध्यांवर २०, ७०, १२०, १७०, २२०. हिरवा आणि निळा घटक याच पद्धतीने. पहिल्या तुकड्याचा शेवटचा रंग आणि दुसऱ्याचा पहिला रंग आकड्याने एकच पाहिजे. नजरेने जुळवलात तर सांधा दिसतोच.

सांध्यावर केसाएवढी फट चमकते. दोन्ही कडांचं अँटीअलायझिंग (कडा मऊ दिसाव्यात म्हणून केलेली छटा) अर्धवट पारदर्शक असतं, त्यातून मागचं दिसतं. शेवटचा सोडून प्रत्येक तुकड्याचा एंडचा कोन एका अंशाने वाढवा, ९० ऐवजी ९१. ग्रेडियंटची टोकं मात्र हलवू नका. टोकापलीकडे शेवटचाच रंग पुढे चालू राहतो, त्यामुळे तो जादा अंश पुढच्या तुकड्यात दिसेनासा होतो. रंग पूर्ण अपारदर्शक असेल तरच हे चालतं. पारदर्शक असेल तर चढलेला भाग गडद दिसेल.

कॅप (रेघेच्या टोकाचा आकार): मधल्या सांध्यांना बट, म्हणजे सपाट. गोल कॅप हवी असेल तर पहिल्या तुकड्याची सुरुवात आणि शेवटच्याचा शेवट एवढ्यालाच हवी. पण कॅप त्या पाथच्या (रेघेच्या) दोन्ही टोकांना लागते, म्हणून दोन टोकांवर स्ट्रोकच्या निम्म्या त्रिज्येची, म्हणजे १० च्या स्ट्रोकला ५ त्रिज्येची, सपाट रंगाची वर्तुळं ठेवणं सोपं पडतं.

---

रेघोटी

पंत, स्वॉचच निघाला. तीन आयकॉनांना एकच स्वॉच लागलेला होता.

नोडवाला, चार तुकड्यांची कडी जमली, ९१ ने फटही गेली. आता दोन उपप्रश्न. निऑनच्या नळीसारखा स्ट्रोक, म्हणजे मधे उजळ आणि दोन्ही कडांना गडद, असा वळणाच्या रेघेवर कसा आणायचा? आणि स्ट्रोक अर्धपारदर्शक केला की त्याच्यात दोन पट्टे दिसतात, आतला वेगळ्या रंगाचा, बाहेरचा वेगळ्या. ग्रेडियंटच चुकतोय का?

---

शाईदौत

क्रमांक ३ राहिलाय, तो माझ्याकडे घेतो.

ग्रेडियंट प्रत्येक घटक सुटासुटा मोजतो. निळा म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा २५५. पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. मधोमध प्रत्येकाची सरासरी १२८, १२८, १२८. म्हणजे चोख राखाडी! सॉफ्टवेअरची चूक नाही, रंगचक्रावर समोरासमोरचे दोन रंग निवडले की सरळ वाट मधल्या राखाडीतूनच जाते. वाट वळवायची असेल तर मधे एक स्टॉप. ऑफसेट ०.५ वर ०, १८०, १४० असा रंग ठेवून पाहा. पहिल्या अर्ध्याचा मध्य ०, ९०, १९८ येतो, दुसऱ्याचा १२८, २१८, ७०. दोन्ही जिवंत.

लाल ते हिरवा हा याचाच सौम्य भाऊ. तिथे मध्य १२८, १२८, ० येतो, शेवाळी आणि काळपट. प्रकाशाच्या खऱ्या मिश्रणाने तो १८८, १८८, ० च्या आसपास यायला हवा. एसव्हीजीत ‘कलर-इंटरपोलेशन’ नावाचा गुणधर्म त्यासाठीच आहे, पण ब्राउझर ग्रेडियंटसाठी सहसा त्याला जुमानत नाहीत. त्यापेक्षा तो १८८ चा स्टॉप हाताने ठेवा, सगळीकडे सारखं दिसेल.

विरत जाणारी सावली मळकी दिसते ती तक्रार वेगळी, पण मूळ तेच. पारदर्शक टोकाला काळा रंग आणि अपारदर्शकता ० दिली असेल तर एसव्हीजी रंग आणि पारदर्शकता वेगवेगळी मोजतं. मधोमध रंग अर्धा काळा झालेला असतो आणि अजून अर्धा दिसतही असतो. म्हणून दोन्ही टोकांना रंग तोच ठेवा, फक्त पारदर्शकता बदला. सपाट रंगाच्या आकाराला इंकस्केप पहिला ग्रेडियंट देतं तो असाच असतो, तोच रंग १०० वरून ० कडे. सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) ग्रेडियंटमध्ये मात्र हिशेब वेगळा असतो आणि हा काळपटपणा येत नाही. म्हणून सीएसएसमधून उचललेले रंग एसव्हीजीत तसेच टाकले की चित्र बदलतं.

पारदर्शकता तीन ठिकाणी असते हेही ध्यानात ठेवा: स्टॉपची, फिलची किंवा स्ट्रोकची, आणि अख्ख्या आकाराची. तिघींचा गुणाकार होतो. तिन्ही ०.५ असतील तर हातात ०.१२५ उरते. ‘स्टॉप १०० टक्के केला तरी फिकाच दिसतो’ असं झालं तर उरलेल्या दोन बघायच्या.

पट्टे-पट्टे दिसणं, ज्याला बँडिंग म्हणतात, ते रंगात अंतर कमी आणि जागा जास्त असली की होतं. राखाडी २०० ते २२० एवढाच प्रवास २००० पिक्सेलांवर पसरला तर मधे वीसच पायऱ्या, प्रत्येक साधारण १०० पिक्सेलांची. डोळा त्या पकडतो. स्टॉप वाढवून काही होत नाही, त्या दोन आकड्यांच्या मधे ८ बिटांत आणखी रंगच नाहीत. अंतर वाढवा, नाहीतर अगदी हलकी कणी (बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा) टाका. आयकॉनला हा त्रास सहसा होत नाही, मोठ्या पार्श्वभूमीला होतो.

छपाईचं काम असेल तर एकच गोष्ट. सायन १०० कडून नुसत्या काळ्या १०० कडे नेलंत तर मधला भाग निस्तेज पडतो, कारण तिथे सायनही अर्धा उतरलेला असतो. काळ्या टोकाच्या स्टॉपमध्येही सायन ठेवा, मग गडद होताना रंग टिकतो. शाईचं एकूण प्रमाण किती चालेल ते छापणाऱ्याला विचारून ठरवा.

---

तिरपीरेघ

इलस्ट्रेटर (अडोबीचं असंच सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडं, कारण कडीचा प्रश्न तिथून आलेलेच जास्त विचारतात. इलस्ट्रेटरमध्ये सीएस६ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्ट्रोकला ग्रेडियंट लावता येतो आणि त्याचे तीन प्रकार आहेत: स्ट्रोकच्या आत, स्ट्रोकच्या वाटेने, स्ट्रोकच्या आडवा. दुसरा म्हणजे रेघोटीतैंना हवी ती कडी, तिसरा म्हणजे निऑनची नळी. ग्रेडियंट पॅनेल कंट्रोल+एफ९ ने उघडतं, त्यातच ही तीन छोटी बटणं दिसतात. ती मंद दिसत असतील तर फिल पुढे आहे, एक्स दाबून स्ट्रोक पुढे आणा. शिफ्ट+एक्स दाबू नका, त्याने फिल आणि स्ट्रोकच्या रंगांचीच अदलाबदल होते.

पॅनेलमध्ये स्टॉप काढायचा तर पट्टीवरून खाली ओढून सोडायचा, प्रत काढायची तर आल्ट धरून बाजूला ओढायचा. दोन स्टॉपांच्या मधे वरच्या बाजूला जो चौकटच्या पत्त्यासारखा मणी असतो तो स्टॉप नव्हे. दोन्ही रंग निम्मे-निम्मे कुठे व्हावेत ते तो ठरवतो. इंकस्केपमध्ये असा मणी नाही. तिथे तोच परिणाम हवा असेल तर मधला स्टॉप घालून सरकवायचा.

पण एसव्हीजीकडे वाटेने आणि आडवा हे दोन्ही प्रकार नाहीतच. निर्यात केल्यावर ते संपादन करता येईल असे जसेच्या तसे उतरत नाहीत. वेबसाठी चित्र करायचं असेल तर नोडवाला यांचीच पद्धत इलस्ट्रेटरमध्येही धरावी. मेश ग्रेडियंटचंही (जाळीच्या गाठीगाठीला वेगळा रंग देणारा प्रकार) तसंच. इंकस्केपमध्ये मेशचं टूल ०.९२ पासून आहे, पण ब्राउझर मेश समजत नाहीत. मेश वापरलाच तर पीएनजी चित्र म्हणून निर्यात करा.

---

नोडवाला

नळी: पाथ निवडून कंट्रोल+डी करत जा, प्रत त्याच जागेवर बसते. स्ट्रोकची जाडी २०, १६, १२, ८, ४ अशी कमी करा आणि रंग गडदकडून उजळाकडे न्या. सगळ्यात वरची प्रत जवळजवळ पांढरी. जॉइन (कोपऱ्याचा सांधा) आणि कॅप सगळ्यांची गोल, नाहीतर कोपऱ्यावर थर सुटे दिसतात. शेवटी गट करा. वळण बदलायचं झालं तर पाचही पाथ बदलावे लागतील, म्हणून खालचा मूळ ठेवून वरचे चार क्लोन करावेत असा मोह होतो. पण क्लोनला वेगळी जाडी मिळण्यासाठी मूळ पाथवर स्ट्रोकची जाडी आणि रंग ‘अनसेट’ (म्हणजे काहीच न दिलेले) असावे लागतात. तेवढी तयारी असेल तरच त्या वाटेला जा. आयकॉनला पाच थर भरपूर झाले, ३२ पिक्सेलांत तीनसुद्धा पुरतात.

दोन पट्टे: ग्रेडियंट बरोबर आहे. स्ट्रोक पाथच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा असतो. १० चा असेल तर ५ आत, ५ बाहेर. आतल्या निम्म्याखाली फिल आहे, बाहेरच्याखाली पान. स्ट्रोक पारदर्शक झाला की दोन्ही वेगळे दिसणारच. ‘स्ट्रोक स्टाइल’ टॅबमध्ये ‘ऑर्डर’ आहे, तिथे फिल वर आणि स्ट्रोक खाली असा क्रम दिला तर आतला पट्टा फिलखाली झाकला जातो, पण दिसणारी जाडी निम्मी होते, म्हणून आकडा दुप्पट करा. पूर्ण जाडी आतबाहेर तशीच हवी असेल तर फिल आणि स्ट्रोक दोन वेगळ्या आकारांत ठेवा आणि फिलचा आकार ५ ने आत घ्या.

---

वेबकरी

वेबवर जाणार म्हणून एक सावधगिरी. दोन-तीन एसव्हीजी थेट एचटीएमएलमध्ये चिकटवले की काही आयकॉन दुसऱ्याच आयकॉनचे रंग घेऊन बसतात. ग्रेडियंट आयडीने बोलावला जातो आणि आयडी पानभर एकच असायला हवा. इंकस्केप ‘लिनियरग्रेडियंट’ आणि पुढे आकडा अशी नावं देतं. एका फाइलीची प्रत करून दुसरा आयकॉन केला असेल तर दोन्हीत तीच नावं राहतात, आणि पानावर जो आधी आला त्याचा ग्रेडियंट सगळ्यांना लागतो. त्यातून पहिला आयकॉन सीएसएसने ‘डिस्प्ले नन’ केला, म्हणजे दडवला, तर इतरांचे रंगच गायब होऊ शकतात. ही चूक शोधायला फार वेळ जातो, कारण प्रत्येक फाइल एकेकटी उघडली की ठणठणीत दिसते.

निर्यातीआधी फाइल मेनूतलं ‘क्लीन अप डॉक्युमेंट’ चालवा म्हणजे कोणी न वापरलेले ग्रेडियंट निघून जातील. मग प्रत्येक फाइलीच्या आयडींना त्या आयकॉनच्या नावाचा उपसर्ग द्या. टेक्स्ट एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला केलं तरी चालतं, मात्र आयडी जिथे लिहिलाय आणि जिथे बोलावलाय अशा दोन्ही जागा बदलल्या पाहिजेत. पंतांनी सांगितलेली भूमितीची नोंद रंगांच्या यादीला ‘एचरेफ’ने बोलावते, ती तिसरी जागा, हटकून विसरली जाते. आयकॉन ‘आयएमजी’ टॅगने लावणार असाल तर यातलं काही करावं लागत नाही, प्रत्येक फाइल आपापल्या चौकटीत राहते.

---

पिक्सेलपंत

वेबकरींच्या मुद्द्याला जोडून, हाताने स्टॉप लिहिताना क्रम सांभाळा. ऑफसेट चढत्या क्रमाने हवेत. ०, ०.६, ०.४, १ असं लिहिलं तर ०.४ चा स्टॉप आपोआप ०.६ वर ढकलला जातो आणि तिथे रंगाची एकदम कड पडते. मुद्दाम कड हवी असेल तर दोन स्टॉप एकाच ऑफसेटवर ठेवतात, पण ती कड दातेरी दिसू शकते. ५०० पिक्सेलांच्या ग्रेडियंटला ०.५ आणि ०.५०२ असं एका पिक्सेलाचं अंतर ठेवा, गुळगुळीत येईल.

आणि पट्ट्यापट्ट्यांचा नमुना हवा असेल तर दहा स्टॉप घालत बसू नका. अशी कड असलेला ग्रेडियंट २० पिक्सेल लांबीच्या रेघेवर बसवा आणि वरच्या पट्टीत ‘रिपीट’ला ‘डायरेक्ट’ निवडा.

---

रेघोटी

‘डिस्प्ले नन’ वालं पुढे होणारच होतं, आयकॉन टॅबनुसार दडवले जाणार आहेत. सगळ्या फाइलींना उपसर्ग लावते. ऑर्डर बदलून स्ट्रोक २० केला, दोन पट्टे गेले. सर्वांचे आभार.